मुख्याधिकारी साहेब, सही करण्याआधी तो करारनामा एकदा वाचा

प्रति,
मराठवाड्यातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी

विषय : कंत्राटी शहर अभियान व्यवस्थापक, शहर समन्वयक व तत्सम पदांच्या करारनाम्यांबाबत

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

गोदाकाठच्या एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत मी तीस वर्षं लिपिक होतो. त्यातली शेवटची सोळा वर्षं आस्थापना शाखेच्या टेबलावर काढली आणि २०२२ मध्ये नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. माझ्या डोळ्यांदेखत नऊ मुख्याधिकारी आले आणि गेले. तुमच्यातल्या एकदोघांच्या टिपण्या मीच लिहिलेल्या असतील. नगरपरिषदेचं नाव इथं घेत नाही. तिथं आज बसणारी माणसं वेगळी आहेत, आणि जे सांगणार आहे त्यातला निम्मा दोष माझ्या हाताचा आहे.

२०१४-१५च्या सुमारास आमच्याकडे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. त्यासोबत शहर अभियान व्यवस्थापक आले, समुदाय संघटक आले. पाठोपाठ स्वच्छ भारतचे शहर समन्वयक आणि आवास योजनेचे स्थापत्य अभियंते आले. सगळे कंत्राटी, सगळे ११ महिन्यांचे. एमएसडब्ल्यू, एमबीए, बीई झालेली तिशीच्या आतली पोरं. बचत गट बांधायचे, फेरीवाल्यांची नोंदणी करायची, बँक मॅनेजरच्या दारात बसून कर्जं मंजूर करून घ्यायची आणि रात्री बारापर्यंत पोर्टल भरायचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, आपल्या शहराचा आकडा लाल रंगातून हिरव्यात गेला की साहेब खुशीत असायचे. तो आकडा यांनी हलवलेला असायचा.

यांचा करारनामा तयार करायचं काम माझ्याकडे आलं. नमुना शोधला, सापडेना. शेवटी पाणीपुरवठा शाखेच्या कॉम्प्युटरमधून विंधन विहिरींवरचे पंप दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराचा करारनामा काढला, ‘ठेकेदार’ आलं तिथं ‘कंत्राटी कर्मचारी’ घातलं, रकमा आणि तारखा बदलल्या, प्रिंट मारली. तीन वर्षांनी नव्या शहर समन्वयकानं हसत हसत दाखवलं तेव्हा कळलं की कलम १४ तसंच राहून गेलं होतं : ‘यंत्रसामग्री नादुरुस्त झाल्यास ती ४८ तासांत स्वखर्चाने दुरुस्त करून देणे करार करून देणाऱ्यावर बंधनकारक राहील.’ त्या कलमाखाली तोवर तिघा व्यवस्थापकांनी आणि दोन मुख्याधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. मी प्रत्येक पानावर गोल शिक्का मारला होता. कुणी वाचलंच नव्हतं.

ते कलम काढलं. शेवटचं कलम मात्र निवृत्त होईपर्यंत तसंच राहिलं, आणि माझी खात्री आहे की थोड्याफार फरकानं तुमच्या फाइलमध्येही ते आहे : ‘कोणतेही कारण न देता व पूर्वसूचना न देता सदर करार कोणत्याही वेळी संपुष्टात आणण्याचे अधिकार मुख्याधिकारी यांनी राखून ठेवले असून त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही.’

या कलमाकडे माझं लक्ष एका रात्री गेलं. आमच्या एका मुख्याधिकारी साहेबांची बदली झाली, रुजू होऊन चौदा महिनेही झाले नव्हते. रात्री नऊला साहेबांचा फोन. बंगल्यावर गेलो, वकिलांशी फोनवर बोलत बोलत साहेब सांगत होते आणि मी टाइप करत होतो. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाखल करायचा अर्ज होता. बदल्यांचा २००५चा अधिनियम साहेबांना तोंडपाठ होता : पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षं, बदल्या वर्षातून एकदा एप्रिल किंवा मे महिन्यात, आणि मुदतपूर्व बदली करायची असेल तर विशेष कारणं लेखी नमूद करून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता. एका परिच्छेदात साहेबांनी सांगितलं, ‘लिहा, कोणतेही कारण लेखी नमूद न करता अर्जदाराची बदली करण्यात आली, ही बाब नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला हरताळ फासणारी आहे.’ मी लिहिलं. लिहिताना वाटलं, ही ओळ आपण आधी कुठंतरी टाइप केली आहे. फक्त तिकडं ती अधिकार म्हणून होती, इथं अन्याय म्हणून.

साहेबांना संभाजीनगरच्या खंडपीठातून स्थगिती मिळाली. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ला. त्याच महिन्यात एका नगरसेवकाच्या तक्रारीवरून आमच्या शहर अभियान व्यवस्थापकाची सेवा संपली. आदेश दीड ओळीचा : ‘आपली सेवा आज रोजी मध्यान्होत्तर समाप्त करण्यात येत आहे.’ तक्रार काय होती, तर फेरीवाल्यांच्या यादीत नगरसेवकाच्या माणसांची नावं घुसवायला त्यानं नकार दिला होता. आदेशावर सही स्थगिती घेऊन आलेल्या साहेबांची. मसुदा माझा.

हे पत्र त्या एका महिन्याबद्दल आहे, बाकी सगळं त्याच्या अनुषंगानं.

तुम्ही स्वतः व्यवस्थापकच आहात, शहराचे. तुमच्यामागे संविधानाचा अनुच्छेद ३११ उभा आहे, म्हणजे चौकशीशिवाय तुम्हाला बडतर्फ करता येत नाही, बदल्यांचा अधिनियम उभा आहे, मॅट आहे. असायलाच हवं. नगराध्यक्षांच्या मर्जीवर मुख्याधिकारी हलत राहिला तर गावाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मग त्याच इमारतीत, शेजारच्या खोलीत, तुमच्याच योजना राबवणाऱ्या व्यवस्थापकाला दीड ओळ कशी पुरते?

तुम्ही म्हणाल, त्यानं करारावर सही केली आहे. केली आहे खरी. नोकरीची गरज असणाऱ्यापुढं छापील कागद सरकवला की तो सही करतोच. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८६ मध्ये सांगून ठेवलं आहे. केंद्र सरकारच्या एका जलवाहतूक महामंडळातल्या ब्रोजोनाथ गांगुली यांना तीन महिन्यांचा पगार हातात देऊन घरी पाठवलं होतं, नियमातच तशी सोय होती. न्यायालय म्हणालं, ज्याच्याकडे वाटाघाटीची ताकदच नाही त्याच्यावर लादलेलं असं कलम सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, अनुच्छेद १४ला धरून नाही, रद्द. लक्षात घ्या, तिथं निदान तीन महिन्यांचा पगार तरी होता. माझ्या कलमात तोही नव्हता. आणि ‘न्यायालयात दाद मागता येणार नाही’ ही ओळ तर भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम २८नुसार कागदावर आली त्या क्षणीच निरर्थक असते. इतकी वर्षं मी ती टाइप करत होतो. तिचा उपयोग एकच, समोरच्याला घाबरवणं. तेवढा मात्र तिनं इमानेइतबारे केला. आमच्याकडच्या एकानंही कधी कोर्टाची पायरी चढली नाही. किनवटच्या पोरानं खंडपीठात यायचं म्हणजे नंदीग्राम एक्स्प्रेसनं जिल्हे ओलांडत यायचं, वकिलाची फी भरायची, आणि तारीख पडली की परत जायचं. घरी बसलेल्या माणसाला हे परवडत नाही.

दुसरी एक सवय आपल्या कार्यालयांना आहे. काढायचंच आहे तर आदेशात ‘कामगिरी असमाधानकारक असल्याने’ असं ठोकून द्यायचं, म्हणजे माणूस गप्प बसतो. यात उलटंच होतं. डाग लावणारा शब्द आदेशात आला की चौकशी करावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, माणूस कंत्राटी असला तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या शिक्षण अभियानातल्या एका कंत्राटी सहायक प्रकल्प समन्वयक बाईंच्या प्रकरणात हेच म्हटलं आणि सेवासमाप्ती रद्द केली. पद पाहा : सहायक प्रकल्प समन्वयक, कंत्राटी, केंद्राच्या अभियानातलं. तुमच्या शहर समन्वयकाचा सख्खा भाऊ.

आता ११ महिन्यांविषयी. हा आकडा कुठून आला, असं मी तीसेक वर्षांत अनेकांना विचारलं. लेखापाल म्हणाले, शासनाचं तसं धोरण आहे. एक वकील म्हणाले, बारा महिने झाले की माणूस कायम होतो. दोन्ही ऐकीव. ११ महिन्यांची रीत आहे घरभाड्याची, कारण वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात तर भाडे नियंत्रण कायदा आल्यापासून भाड्याचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, म्हणजे घरापुरतीही ती पळवाट उरली नाही. कामगार कायदा मोजतो ते २४० दिवस. ११ महिन्यांत ते कधीच होऊन गेलेले असतात. तुम्ही ज्या कुंपणाच्या भरवशावर आहात ते कुंपण दुसऱ्याच्या शेतातलं आहे.

तांत्रिक खंडाचंही, म्हणजे दोन करारांच्या मध्ये मुद्दाम सोडलेल्या दिवसांचंही, तसंच. आमच्याकडे एका वर्षी शहर समन्वयकाचा करार १५ सप्टेंबरला संपला. नवा १८ सप्टेंबरपासून. मधल्या दोन दिवसांत त्याचा आणि नगरपरिषदेचा काही संबंध नाही, असं मी टिपणीत लिहिलं होतं. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी सहाला तोच पोरगा झेंड्याच्या काठीला दोरी लावत होता. खुर्च्या त्यानंच मांडल्या. स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांना रिक्षानं घेऊन आला, सूत्रसंचालन केलं, ‘आपल्या नगरपरिषदेच्या वतीने’ असं माइकवर तीनदा म्हणाला. मी पहिल्या रांगेच्या मागं उभा होतो. कागदोपत्री तो त्या दिवशी रस्त्यानं जाणारा कुणीतरी होता. मांडव पडून डोक्याला लागलं असतं तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं, हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला. दोन दिवसांचे पैसे त्याला अर्थातच मिळाले नाहीत.

असे कृत्रिम खंड न्यायालयं मोजत नाहीत. आपल्या राज्याच्या १९७१च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब आहे : कायम कामगाराचे लाभ मिळू नयेत या हेतूनं माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता म्हणून ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. आणि हेतू सिद्ध करायला कुठं लांब जायला नको. माझ्या टिपण्यांत मी तो स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवला आहे : ‘संबंधितास कायम सेवेचा हक्क प्राप्त होऊ नये म्हणून दोन दिवसांचा तांत्रिक खंड प्रस्तावित.’ मुख्याधिकाऱ्यांची सही, दिनांक, शिक्का.

इथं कुणी म्हणेल, हे व्यवस्थापक आहेत, कामगार नव्हेत, त्यांना औद्योगिक न्यायालय कुठलं? हा मुद्दा मात्र फालतू नाही. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच आहे, आणि महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असलेला पर्यवेक्षकही तिथं बाहेर राहतो. पण न्यायालय दारावरची पाटी पाहत नाही, हातातलं काम पाहतं. आमचे ‘व्यवस्थापक’ काय करायचे? रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, शंभर रुपयांचं व्हाउचर पास करण्याचा नाही, हाताखाली एकही माणूस नाही. लोकशाही दिनाच्या अर्जांच्या झेरॉक्स काढायचे. पदनाम व्यवस्थापकाचं आणि काम कारकुनाचं असेल, तर पदनामाची ढाल फार वेळ टिकत नाही.

पुढचं लिहायला मला जड जातं.

२०१८ साली आमच्या शहर अभियान व्यवस्थापक एक मॅडम होत्या. तीन वर्षांपासून होत्या, म्हणजे तीन करार झाले होते. चौथा ३१ मार्चला संपत होता. फेब्रुवारीत त्यांनी प्रसूती रजेचा अर्ज दिला, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख होती. अर्ज माझ्या टेबलावर आला. मॅडम समोर उभ्या होत्या. मी खुर्ची द्यायला हवी होती, दिली नाही. टिपणी लिहिली : ‘अर्जदार यांचा करार दि. ३१ मार्च रोजी संपुष्टात येत असल्याने प्रसूती रजेचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यास हरकत नसावी.’ साहेबांनी ‘होय’ लिहिलं. आम्हा दोघांच्या मनात मॅडमविषयी वाईट काही नव्हतं. काम नसलेल्या बाईला पैसे दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, वसुली आपल्यावर बसेल, एवढीच भीती होती. त्या भीतीपोटी आपण काय काय करतो ते तुम्हाला सांगायला नको.

एप्रिलमध्ये दुसऱ्या उमेदवाराशी करार झाला.

‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तेव्हाही चूक होतं. १९६१चा प्रसूती लाभ अधिनियम प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं की लागू व्हायचा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची आहे. त्यात कायम-कंत्राटी असा भेद नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायांना, खडी फोडणाऱ्या, रस्ते करणाऱ्या बायांना, हा लाभ सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच दिला होता. म्हणजे आमच्या टिपणीच्या अठरा वर्षं आधी. करार मध्येच संपला तर काय, या शंकेचाही निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये लागला. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरनं १ जून २०१७ पासून रजा मागितली होती, करार ११ जूनला संपत होता, तर रुग्णालयानं त्यांना अकरा दिवसांचा लाभ देऊ केला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही जातो, पूर्ण द्या. निवृत्त झाल्यावर मुलीच्या मोबाइलवर ती बातमी वाचली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुमच्यापैकी निम्म्या आता महिला आहात असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण आमच्या काळापेक्षा पुष्कळ आहात. तुमच्या प्रसूती रजेच्या अर्जावर लिपिक काय टिपणी लिहितो ते आठवा आणि कंत्राटी बाईच्या अर्जावर काय लिहितो ते पाहा. तसंच, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात २०१३च्या कायद्यानं अंतर्गत तक्रार समिती लागते आणि कंत्राटी बाईलाही तिच्याकडे जाता येतं. आमच्याकडे समिती होती, भिंतीवरच्या फलकावर. तिच्या अध्यक्ष मॅडमची बदली होऊन चार वर्षं झाली होती, फलक मात्र दर दिवाळीला पुसला जायचा.

पैशांच्या बाबी थोडक्यात सांगतो. ‘मानधन आहे, म्हणून पीएफ नाही’ हे मी बऱ्याचदा लिहिलं. मानधन म्हटल्यानं पगार पगार राहत नाही असं कुठं नाही. ८ जानेवारी २०११च्या केंद्राच्या अधिसूचनेनं नगरपालिका भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात आल्या. ज्याला सुरुवातीपासून १५,००० रुपयांच्या वर मिळतं आणि आधीचं खातं नाही, त्याला सक्ती नाही, त्यामुळे काही व्यवस्थापक यातून सुटतात. समुदाय संघटक आणि ऑपरेटर सुटत नाहीत. टीडीएस तर आम्ही व्यावसायिक शुल्काच्या शीर्षाखाली दहा टक्के कापायचो, का, तर सॉफ्टवेअरमध्ये तसं होतं. हजेरीपटावर रोज सही करणारा, साहेबांना विचारल्याशिवाय तालुक्याबाहेर न जाणारा माणूस कागदावर स्वतंत्र व्यावसायिक. बँकेनं गृहकर्जासाठी फॉर्म १६, म्हणजे पगारावरच्या कराचा दाखला, मागितला की त्याच्या हातात बिगरपगारी रकमेचा १६ए. कर्ज नाही. आणि करारनाम्याचा बॉण्डही त्यानंच आणायचा. माझ्या वेळी शंभराचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात पाचशेचा झाला. दर ११ महिन्यांनी स्वतःच्या असुरक्षिततेचा स्टॅम्प पेपर स्वतःच्या खिशातून.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांची यादी, मंत्रालयातून येतो, त्यात ही पदं नाहीत. निधी केंद्राचा, तो वेळेवर येत नाही. अभियानं येतात आणि जातात. उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, उद्या दुसऱ्या नावानं दुसरं येईल. कुणालाही कायम करा, असं मी तुम्हाला सांगत नाही, तो अधिकार तुमचा नाही. २००६च्या उमादेवी निकालानं मागच्या दारानं कायम करायला मनाई केली आहे आणि तुम्ही प्रत्येक अर्जावर त्या निकालाचं नाव लिहिता, हेही माहीत आहे. फक्त पुढचं वाचायचं राहून गेलं असावं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांच्या जग्गो प्रकरणात आणि जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेतल्या माळ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की उमादेवीचा निकाल हा वर्षानुवर्षं राबवून घेण्याचा परवाना नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये धरमसिंग प्रकरणात तर शासन हे संविधानानं बांधलेलं मालक आहे, गरजेच्या कायम कामासाठी माणसं तात्पुरती ठेवून त्यांच्या जिवावर अंदाजपत्रक जुळवता येणार नाही, असं सुनावलं. हे निकाल आले ते सफाई कामगार, माळी आणि शिपाई लढले म्हणून. व्यवस्थापक लढत नाहीत. त्यांना वाटतं, पुढच्या ११ महिन्यांत काहीतरी होईल.

काही ठिकाणी आता यावर वेगळाच तोडगा काढतात : सरळ एजन्सी नेमायची, म्हणजे आपला आणि माणसाचा करारच नको. राज्य शासनानं सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता आणि गदारोळ झाल्यावर ऑक्टोबर संपायच्या आत रद्दही केला. स्थानिक पातळीवर ती वाट बंद झालेली नाही. एजन्सीनं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे नगरपरिषदेवर. मधला दलाल घेतल्यानं तुमची मान सुटत नाही.

मराठवाड्याच्या तोंडी अनुशेष हा शब्द कायम असतो. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२)मध्ये विदर्भ-मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच अनुच्छेदाच्या पुढच्या ओळीत राज्य शासनाच्या सेवांमध्ये या भागांना रोजगाराच्या पुरेशा संधी, असंही आहे. इथल्या पदवीधर पोराला आज शासनाच्या जवळपास जायची जी वाट सापडते ती बहुधा हीच, ११ महिन्यांची. सिंचनाचा अनुशेष मोजायला समित्या बसल्या. या अनुशेषाच्या मोजणीला कुणी बसलेलं मला आठवत नाही.

तर मागणं काय? तुमच्या सहीच्या कक्षेतलंच मागतो, शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही असं. शेवटचं कलम बदला. एक महिन्याची लेखी नोटीस, कारण, आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी, एवढं तीन ओळींत बसतं. मी बसवून पाहिलं आहे. ‘न्यायालयात दाद मागता येणार नाही’ खोडून टाका, ते तसंही मेलेलंच आहे. प्रसूती रजेचं कलम घाला, म्हणजे पुढच्या लिपिकाला डोकं चालवावं लागणार नाही. अभियानाची मुदत जितकी, तितका करार करा. ११ महिने आणि दोन दिवस बंद करा. रुजू होण्याआधी मसुदा वाचायला द्या. आमच्याकडे रुजू झाल्यावर चार महिन्यांनी सह्या व्हायच्या आणि प्रत मागितली तर ‘फाइल साहेबांकडे आहे’ असं आम्ही सांगायचो. बॉण्डचे पाचशे रुपये कार्यालयीन खर्चातून करा.

आणखी एक. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर नगरपरिषदांत पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आहेत. प्रशासक म्हणून एकट्यानं कारभार केल्यानंतर आता दालनात गर्दी वाढली असेल, आणि तीत ‘त्या अमक्याला काढा’ म्हणणारेही असतील. नोटीस आणि कारणाचं कलम करारात असेल तर तुम्हाला त्यांच्यापुढं कागद ठेवता येईल : ‘माझ्या हातात नाही, करार असा आहे.’ हे कलम कंत्राटी पोराइतकंच तुमच्याही कामाचं आहे. आमच्या त्या साहेबांनाही तेव्हा असा एखादा कागद हवाच होता, असं मला नंतर वाटलं. सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात परभणीच्या बसस्टँडवर त्या मॅडम भेटल्या. सोबत मुलगी होती, दुसरीत जाते. मॅडम आता एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे तिथंही तेच. माझ्यावर राग नव्हता, किंवा असला तरी दिसू दिला नाही. म्हणाल्या, ‘काका, एका जाहिरातीत अनुभव प्रमाणपत्र मागितलंय. तीन वर्षांचं. अर्ज दिलाय नगरपरिषदेत, पाच महिने झाले.’ मी आता तिथं कुणी नाही, त्यामुळे काय बोलणार? बदल्यांच्या ज्या अधिनियमानं साहेबांना स्थगिती मिळाली, त्याच अधिनियमाच्या कलम १०मध्ये लिहिलं आहे की कोणतीही फाइल सरकारी कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. एकच अधिनियम आहे, अर्धा तुमच्या कामाचा, अर्धा तुमच्या दारात उभ्या असलेल्यांच्या.

आमच्या नगरपरिषदेचे सध्याचे मुख्याधिकारी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : आस्थापना शाखेतलं खिडकीजवळचं लोखंडी कपाट, वरून तिसरा कप्पा, ‘कंत्राटी करारनामे २०१५ ते २०१८’ अशी हिरवी फाइल. पाठीवरचं अक्षर माझं आहे. मॅडमचे चारही करार आत आहेत, हजेरीपटाच्या प्रती मागं लावलेल्या आहेत. पंपाचं कलम पहिल्या करारात अजून असेल, त्याकडे दुर्लक्ष करावं. प्रमाणपत्राला एवढा पुरावा पुरतो.

आपला,
एक निवृत्त आस्थापना लिपिक